मावशीची मशेरी, माझा सुट्टा

ती सातारा जिल्ह्यातल्या एका उपकेंद्रावर नर्स, मी पुण्यात आयटीत. तंबाखू वाईट, हे दोघींनाही तोंडपाठ. तरीही...

संध्याकाळचे सहा. बाणेरमधलं आमचं ऑफिस आणि ऑफिसच्या मागची चहाची टपरी. एका हातात कटिंग, दुसऱ्या हातात सुट्टी सिगारेट. (सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० मध्येच बंदी आलीये. आमच्या टपरीवाल्यापर्यंत ती अजून पोचलेली दिसत नाही.) क्लायंटला शिव्या, अप्रेझलच्या गप्पा, आणि मग नेहमीचा विषय: 'यार, सोडायला पाहिजे.'

त्यावर टीममधल्या एकाने टपरीवरचं सगळ्यात लाडकं लॉजिक काढलं. "अरे, डॉक्टर आणि नर्सपण ओढतात. त्यांना काय कळत नाही का?"

"माझी सख्खी मावशी नर्स आहे," मी लगेच कॉलर ताठ केली. "अठ्ठावीस वर्षं गावात नोकरी केलीये. सिगारेटला कधी हात नाही लावलाय तिने."

"तंबाखूपण नाही?"

"छे!"

बोलून गेले आणि सिगारेट अर्ध्यावर असताना मला मावशीचं बोट आठवलं. उजव्या हाताची तर्जनी. पहिल्या पेरापर्यंत कायम काळपट. लहानपणी मला वाटायचं, नर्स लोकांचं बोट औषधाने तसं होत असेल.

ओट्यावरची दहा मिनिटं

दिवाळीनंतर एक लाँग वीकेंड जुळून आला. मित्रमंडळी गोव्याला गेली, मी स्वारगेटहून कराडची एसटी पकडली आणि तिथून पाटणच्या पुढे मावशीच्या गावी. डोंगर, थंडी, पहाटे धुकं आणि फोनला रेंज शून्य. म्हणजे आपण वीकेंडला पैसे भरून जे शोधतो, ते सगळं फुकटात!

मावशीचा दिवस साडेपाचला सुरू होतो. क्वार्टरच्या ओट्यावर ती बसते. कनवटीला लावलेली छोटी डबी काढते, डाव्या तळहातावर काळी पूड घेते आणि तर्जनीने दात घासायला लागते. दात कसले, हिरड्याच. सावकाश, डोळे अर्धे मिटून. मधेच जास्वंदीच्या मुळाशी थुंकते आणि पुन्हा सुरू. दहा मिनिटं सहज जातात. लसीकरणाचं विचारायला कुणी आलं, तर बाकीचे परस्पर सांगतात, "थांबा जरा, सिस्टर मशेरी लावत्यात." आणि लोक खरंच थांबतात.

मशेरी ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची आणि कुटून पूड करायची. त्यासाठी घरात वेगळा, जुना तवा असतो. भाजताना असा ठसका उठतो की शेजारची तीन घरं खोकतात. पानं आठवडी बाजारात सुटी मिळतात. त्यामुळे सिगारेटच्या पाकिटावर ८५ टक्के जागेत असतं तसलं भयंकर चित्रही नाही आणि हेल्पलाइनचा नंबरही नाही.

"मावशी, तू तंबाखू खातेस?" मी सरळच विचारलं.

"मी कुठं तंबाखू खाते? मशेरी लावते फक्त."

ती थट्टा करत नव्हती.

खाणं, ओढणं आणि लावणं

मला वाटतं सगळी गोम या क्रियापदातच आहे. पुरुष तंबाखू 'खातात', ते व्यसन. शहरातल्या मुली सिगारेट 'ओढतात', ते तर महाव्यसन. मशेरी मात्र 'लावतात'. काजळ लावतात, हळद लावतात, तशी. ती दातांसाठी असते, पोट साफ व्हायला असते, व्यसन नसतेच मुळी!

२०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणातले महाराष्ट्राचे आकडे बघा. राज्यातल्या १५ वर्षांवरच्या बायकांपैकी विडी-सिगारेट ओढणाऱ्या फक्त १.४ टक्के. धूर न काढता तंबाखू घेणाऱ्या १६.६ टक्के. म्हणजे गावातल्या नर्स सिगारेट ओढतात का, हा प्रश्नच चुकीचा. त्याला 'नाही' हे उत्तर मिळतं आणि सगळे खूश होतात. 'मशेरी लावता का?' असं विचारलं की खरं उत्तर येतं.

मावशीला हे चांगलं माहीत आहे, कारण तिचं कामच ते आहे. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाची बीपी, शुगर आणि कॅन्सरसाठी तपासणी करायचा सरकारी कार्यक्रम आहे. आधी आशाताई घरोघरी जाऊन फॉर्म भरतात. त्यात वय झालं की लगेच तंबाखूचा प्रश्न. "बाया बिनधास्त 'नाही' सांगतात," मावशी म्हणाली. "म्हणून मी आशाला शिकवलंय, मशेरीचं वेगळं विचार."

तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनांवर आपल्याकडे १९९२ मध्येच बंदी आली. दातांच्या नावाखाली तंबाखू विकू नका, असा त्याचा अर्थ. पण घरच्या तव्यावर कोण धाड घालणार?

१०५ ग्रॅम

रात्री जेवताना मी फोनमध्ये सेव्ह करून आणलेला एक अभ्यास तिला वाचून दाखवला. २००४ चा, मुंबईतला. १,२१७ बायकांची गरोदरपणापासून नोंद ठेवली होती. तंबाखू घेणाऱ्यांमध्ये बहुतेकजणी मशेरीवाल्याच. त्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं.

मला तो आकडा फार वाटला नव्हता. शंभर ग्रॅम म्हणजे काय, एक चॉकलेट!

मावशी मात्र घास हातात धरून थांबली. "अडीच किलोच्या खाली गेलं की कमी वजनाचं बाळ. मी काट्यावर बघते ना. दोन किलो चारशे, दोन चारशे पन्नास. शंभर ग्रॅमसाठी पोरं खाली राहतात गं." आणि मग म्हणाली, "गरोदर बायांना मी डबी टाकायला लावते. टाकतात पण. नंतर परत घेतात."

"आणि तू?"

"भात घे अजून," ती म्हणाली.

बिबट्या आला रे आला

आता माझं. चार सिगारेटींशिवाय माझा दिवस जात नाही. रिलीज असेल तर सहा. गावात काय करणार? दुसऱ्या रात्री सगळे झोपल्यावर मी गोठ्यामागे गेले आणि काडी ओढली. दोन झुरके झाले असतील, तोच तोंडावर टॉर्चचा झोत.

"मला वाटलं बिबट्या आला," मावशी म्हणाली. या भागात हे वाक्य गमतीने म्हणत नाहीत.

आता आईला फोन जाणार, रडारड होणार, 'शिकून हेच केलंस का' होणार, अशी माझी पूर्ण तयारी होती. मावशी दगडावर बसली आणि फॉर्म भरताना विचारतात त्या आवाजात म्हणाली, "दिवसाला किती?"

"चार. कधीतरी सहा."

"कधीपासून?"

"कॉलेजात एकदोनदा. मग सोडली होती. अमेरिकेच्या प्रोजेक्टवर नाइट शिफ्ट लागली तेव्हा परत."

ती हसली. "माझंपण तसंच की."

तिच्या आजीने लहानपणी दाढ दुखते म्हणून तिला मशेरी लावली होती. पुढे एएनएमच्या ट्रेनिंगला होस्टेलवर गेल्यावर सुटली. पहिलं पोस्टिंग डोंगरातल्या एका गावात. वय बावीस. रात्री कंदिलाच्या उजेडात बाळंतपण, बाई अडलेली, जीपचा पत्ता नाही. गावातली म्हातारी दाई शेजारी बसलेली. तिने डबी पुढे केली. "घे बाय, डोळ्याला डोळा लागायचा न्हाई." पहाटे बाळ रडलं. डबी मावशीकडेच राहिली.

डोंगराळ भागात तीन हजार लोकांमागे एक उपकेंद्र, असा सरकारी हिशोब. लस, गरोदर बायका, साथीचे ताप, रजिस्टरं आणि आता मोबाइलवरची अॅप्स, सगळं तिच्याकडे. क्वार्टर उपकेंद्रालाच चिकटून, त्यामुळे ड्यूटी संपते कधी आणि सुरू होते कधी, सांगता येत नाही. "दिवसभरात मला कुणी हाक मारत नाही अशी दहाच मिनिटं असतात," ती म्हणाली. "मशेरीची."

मी सिगारेट विझवली. कारण आमच्या ऑफिसातही अगदी हेच आहे! संध्याकाळी सहाला 'मी पाच मिनिटं नुसती बसते' असं म्हणून बघा. टीम लीड विचारेल, बरं नाही का? 'सुट्टा ब्रेक' म्हटलं की कुणी काही बोलत नाही, उलट तोही सोबत येतो. तंबाखूची तल्लफ होती हे खरंच. पण दोघींनाही हवी होती ती सुटी, आणि ती तंबाखूच्या नावावरच मंजूर होत होती.

"पण मी फक्त चारच ओढते," मी शेवटचा वकिली मुद्दा मांडला. तो टिकला नाही. अमेरिकेत १९७६ मध्ये सव्वा लाखाच्या आसपास नर्सेसची नोंद करून एक मोठा अभ्यास सुरू झाला. प्रश्नावली नीट भरतील म्हणून नर्सच निवडल्या होत्या. त्यातूनच १९८७ मध्ये पुढे आलं की दिवसाला एक ते चार सिगारेट ओढणाऱ्या बायकांनाही न ओढणारीपेक्षा हार्ट अॅटॅकचा धोका दुपटीहून जास्त. हे मी कधीचं वाचलं होतं. मावशीनेही ट्रेनिंगमध्ये तंबाखूचे धडे घेतले होते. माहितीची कमतरता दोघींपैकी कुणालाच नव्हती.

"तुझं कोण बघतं?"

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रात तोंडाची तपासणी होती. मावशीच्या हातात टॉर्च. ओठ उलटून, गाल बाजूला करून, जिभेखाली, सगळीकडे बघायचं. न पुसला जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेली जखम, तोंड नीट न उघडणं, यातलं काहीही दिसलं की वर पाठवायचं. एकीला तिने दम दिला, "डबी टाक ती! कॅन्सर होतो त्याने."

ती बाई पदर तोंडाला लावून हसली. "सिस्टर, तुम्ही बी लावताच की."

सगळ्या हसल्या. मावशीपण हसली. पुढची बाई बाकावर आली.

संध्याकाळी भांडी घासताना मी विचारलं, "एवढ्या सगळ्यांची तोंडं तू बघतेस. तुझं कोण बघतं?"

ती बराच वेळ कढई घासत राहिली. मग हात धुतले, टॉर्च आणून माझ्या हातात दिला, खाली बसली आणि खालचा ओठ उलटा केला. आतल्या बाजूला, डावीकडे, ती पूड जिथे धरून ठेवते तिथे बोटाच्या नखाएवढा पांढरा चट्टा होता.

"कधीपासून?"

"पावसाळ्याच्या आधीपासून."

म्हणजे सहा महिने. दोन आठवड्यांचा नियम सांगणारी बाई सहा महिने स्वतःचा ओठ आरशात बघून गप्प होती.

"दाखवलं का नाहीस?"

"कुणाला दाखवू? तालुक्यात सगळे मला ओळखतात. नर्सबाईच मशेरी लावते, आणि आता बघा, असं होणार. मी दुसऱ्याला काय तोंडाने सांगू मग?" ती थांबली. "आणि खरं सांगू? भीती वाटली."

मला राग आला, मग रागाची लाज वाटली. माझ्या खोकल्याबद्दल मी तरी कुठे कुणाला सांगितलं होतं?

दहा दिवस

रजा वाढवली. दुसऱ्या दिवशी आम्ही कराडला गेलो, जिथे तिला कुणी 'सिस्टर' म्हणत नाही अशा एका दातांच्या डॉक्टरांकडे. त्यांनी टोमणा मारला नाही, लेक्चर दिलं नाही. बघितलं, जागा बधिर करून छोटा तुकडा काढला आणि तपासणीला पाठवला. रिपोर्ट दहा दिवसांनी.

मी पुण्याला परतले. त्या दहा दिवसांत मी आयुष्यात सगळ्यात जास्त सिगारेटी ओढल्या. अभिमानाने नाही सांगत, पण खोटं कशाला बोलू? आईला काही सांगायचं नाही अशी मावशीची शपथ होती. मग रोज रात्री फोनवर आम्ही दोघी हवापाण्याच्या गप्पा मारायचो.

अकराव्या दिवशी फोन वाजला तेव्हा मी टपरीवर होते. हातात सिगारेट.

"चांगला आला गं. कॅन्सर नाही. पेशी बिघडलेल्या नाहीत." मला काही बोलताच येईना. "डॉक्टर म्हणाले, मशेरी बंद केली तर चट्टा कमी व्हायची शक्यता चांगली आहे. चालू ठेवली तर पुढची गॅरंटी नाही. दर तीन महिन्यांनी दाखवायचं." आणि मग त्याच दमात, "आता तुझं सांग. आज किती झाल्या?"

सोमवार ते सोमवार

आम्ही एकाच सोमवारी सुरुवात केली. तिने डबी आणि तो जुना तवा दोन्ही टाकून दिलं. मी लायटर ऑफिसच्या डस्टबिनमध्ये टाकला, दुपारी परत काढला, संध्याकाळी पुन्हा टाकला.

तिसरा दिवस सगळ्यात वाईट, असं ऐकलं होतं. अगदी खरं निघालं. मी एका मीटिंगमध्ये एक्सेल शीटवरून अशी भांडले की एचआरने 'सगळं ठीक ना' असा मेल केला. मावशीचं डोकं दुखायचं, पोट साफ होईना, दिवसा पेंग यायची. पोटासाठी तिने सकाळी कोमट पाणी सुरू केलं. "इतकी वर्षं लोकांना जे सांगतेय ते स्वतः पहिल्यांदा करतेय," ती म्हणाली.

ओट्यावरची दहा मिनिटं मात्र तिने सोडली नाहीत. ब्रशने दात घासून होतात दोन मिनिटांत, उरलेली आठ ती बडीशेप चघळत नुसती बसते. मीपण सहाला उठते, फक्त टपरीऐवजी चहा घेऊन गच्चीवर जाते. पहिल्या आठवड्यात एकटी होते. आता टीममधले दोघं येतात, त्यातला एक तो लॉजिकवाला.

घसरलो का? घसरलो. मैत्रिणीच्या संगीतला मी दोन ओढल्या. मावशीने एका रात्री अॅम्ब्युलन्सची वाट बघताना कुणाच्या तरी डबीतून चिमूट घेतली. दोघींनी दुसऱ्याच दिवशी एकमेकींना सांगितलं. आमचा करारच तसा आहे: लपवायचं नाही, आणि एक चुकली म्हणून सगळं सोडून द्यायचं नाही.

परवा फोनवर ती सांगत होती, पुन्हा तपासणी झाली. त्याच बाईने पुन्हा तेच म्हटलं, "सिस्टर, तुम्ही बी लावताच की." या वेळी मावशीने टॉर्च तिच्या हातात दिला, स्वतःचा ओठ उलटा करून दाखवला आणि सांगितलं काय झालं होतं ते. कुणी हसलं नाही. त्या दिवशी चौघींनी डब्या टेबलावर ठेवल्या. "दोघी परत घ्यायला येतील," मावशी म्हणाली. "येऊ देत. दोन तरी राहतील."

पुढच्या महिन्यात तिची तीन महिन्यांची तपासणी आहे. कराडच्या स्टँडवर मी तिला भेटणार आहे. येताना टॉर्च आणते म्हणालीये. माझं तोंड बघायचं राहिलंय.

तुम्हीही सोडताय?

• दिवस ठरवा आणि एकाला तरी सांगा. सोबत सोडणारं कुणी मिळालं तर उत्तमच.

• तल्लफ काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ काढा. पाणी प्या, खोल श्वास घ्या, जागेवरून उठा.

• पहिले दोन-तीन दिवस सगळ्यात अवघड. चिडचिड, डोकेदुखी, झोपेचा गोंधळ होतो. दोन ते चार आठवड्यांत बरंच निवळतं.

• निकोटिन गम साध्या च्युइंगमसारखा सतत चघळायचा नसतो. थोडा चावून गालाशी धरून ठेवायचा. आधी डॉक्टरांना विचारा, विशेषतः गरोदर असाल किंवा तोंडात काही त्रास असेल तर.

• महिन्यातून एकदा आरशासमोर टॉर्च घेऊन तोंड बघा. न पुसला जाणारा चट्टा किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम दिसली तर थेट डॉक्टर गाठा.

• १८००-११-२३५६ ही सरकारची मोफत क्विटलाइन. २०१८ पासून हा नंबर सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो. सुट्टी घेणाऱ्यांना तो कधी दिसत नाही, म्हणून इथे दिला.

• ब्रेक सोडू नका. फक्त तंबाखू सोडा.